आजीच्या शिलाईच्या वह्यांवरून तिचे चरित्र कसे लिहावे?

कऱ्हाकाठ (सिंहगड रस्ता, पुणे)

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या मार्गशीर्षात सासवडला वयाच्या ९३व्या वर्षी वारली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निधनवार्ता आली. तिच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे, परतवंडे असा परिवार असल्याचे आणि ती अमुक खात्यातील निवृत्त अधिकाऱ्यांची मातोश्री असल्याचे त्यात म्हटले होते. मजकूर काकांनीच लिहून दिला होता आणि त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु १९५४पासून जवळजवळ चाळीस वर्षे जी बाई रोज जेवणे आटोपल्यावर मशीनवर बसत होती, आणि निम्मे सासवड जिला 'मशीनवाल्या काकू' म्हणूनच ओळखत होते, तिच्या त्या मशीनचा त्या चार ओळींत मागमूसही नव्हता.

वर्षश्राद्धाला चाळीसेक पानांची एक पुस्तिका काढावी असे मी घरात सुचवले, सर्वांनी माना डोलावल्या, आणि मजकुराचे काम अर्थातच सुचवणारीच्या गळ्यात पडले. लिहायला बसले की कष्टाळू, प्रेमळ, सोशिक या तीन शब्दांपुढे माझी लेखणी जात नाही. घरच्यांना विचारावे तर प्रत्येक जण तिच्या पुरणपोळीपासून सुरुवात करतो आणि पुरणपोळीवरच थांबतो.

माझ्या हाती असलेली साधने थोडी आहेत. तिचे पायमशीन आता माझ्या फ्लॅटमध्ये आहे, त्याची आजोबांच्या नावावरची पावती आहे, बटणांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि तीन वह्या आहेत. वह्यांत गिऱ्हाइकांची मापे आणि शिलाईचे पैसे आहेत. तारखा जवळजवळ नाहीतच. 'मंगळवारी देणे', 'पालखीआधी' अशा नोंदी आहेत. (माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला दोन मुक्काम करते, त्यामुळे आमच्याकडे वर्षाचे भाग दिवाळीइतकेच पालखीवरूनही पडतात.) पहिली वही मुळात पणजोबांच्या किराणा दुकानाची उधारीची वही आहे आणि तिची निम्मी पाने मोडीत आहेत, उरलेल्या कोऱ्या पानांवर आजीने मागच्या बाजूने लिहायला सुरुवात केलेली दिसते. आकड्यांपुढे आणि समासात उभ्या रेघा आहेत, त्यांचाही अर्थ मला नीटसा लागत नाही.

तारखा नसलेल्या अशा वह्यांचा काळ कसा ठरवावा, आणि मापांच्या या आकड्यांतून माणूस दिसू शकतो का, की मी त्यांत नसलेला अर्थ शोधत बसले आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुने दप्तर

महसूल खात्यात मी तीस वर्षे कारकुनी केली, त्यामुळे माणसांपेक्षा रकान्यांवर माझा विश्वास अधिक आहे. ताई, आपण वहीतील शब्द आधी वाचू नका, रकाने मोजा. रुपये, आणे, पै असे तीन रकाने जिथे आखलेले असतील ती पाने १९५७च्या आधीची समजायला हरकत नाही, कारण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हिशेबाचे रकाने दोनच उरले. 'चार आणे' हा शब्द मात्र काळ ठरवायला कुचकामी आहे. लोक तो पुढे कित्येक वर्षे पंचवीस पैशांसाठी वापरत राहिले.

त्याहून चांगली खूण विचित्र आकड्यांची आहे. सहा आण्यांचे नव्या चलनात ३७ नये पैसे होत, तीन आण्यांचे १९, दहा आण्यांचे ६२. शिलाईचा दर कोणी आपणहून ३७ पैसे ठरवत नाही. असा आकडा दिसला की जुना सहा आण्यांचा दर नुकताच नव्या नाण्यांत उतरवला आहे हे ओळखावे, म्हणजे ते पान १९५७ किंवा त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतले निघेल. 'न. पै.' असे लिहिले असेल तर काळ १९५७ ते १९६४ यांच्या मधला. १९६४मध्ये 'नये' हा शब्द सरकारनेच काढून टाकला. कापड वारात मोजले आहे की मीटरमध्ये, यावरूनही साठच्या दशकाचा अलीकडचा आणि पलीकडचा काठ सापडतो.

आकड्यापुढच्या उभ्या रेघा म्हणजे अपूर्णांक होत. ५॥ म्हणजे साडेपाच, ६। म्हणजे सव्वासहा, ६॥। म्हणजे पावणेसात. समासातल्या रेघांचे मात्र पान पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

मोडी पानांसाठी सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करावी. १९१० साली स्थापन झालेल्या या संस्थेत मोडी वाचणारी आणि शिकवणारी मंडळी आहेत, आणि तिथे केवळ पेशव्यांचीच पत्रे वाचतात असा समज करून घेऊ नये. जन्मतारखेसाठी तहसील कार्यालयातील गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि तिच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. नमुना १४मध्ये तिचे नाव सापडले नाही म्हणून निराश होऊ नका. 'अमक्यास मुलगी' एवढ्याच पुष्कळ नोंदी मी माझ्या हातांनी उतरवून दिल्या आहेत.

मापपट्टी

मी पर्वती भागात तेवीस वर्षे ब्लाऊज शिवते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते: माणूस दिसतो, पण एका पानावर दिसत नाही. एकच गिऱ्हाईक निवडावे आणि तिन्ही वह्यांतून तिची मापे एका कागदावर एकाखाली एक उतरवावीत. परकर-पोलक्यापासून तिची नोंद सापडली तर फारच उत्तम. छाती आणि कंबर किती वर्षांनी किती वाढली, मध्येच एकदम दोन-तीन इंच कमी कधी झाली, बाहीची लांबी कोणत्या वयात दंडावरून कोपराकडे सरकली, पुढे मागचा गळा केव्हा वर आला, हे सगळे ओळीने पाहिले की बाळंतपणे, आजारपणे, सासूचा दरारा आणि मुलीच्या लग्नातली हौस हे सारे त्या कागदावर आपोआप येते. आम्हा शिवणाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या घरचे पुष्कळ कळते, ते ती बोलते म्हणून नव्हे, तर टेप खोटे बोलत नाही म्हणून.

आणखी एक पाहावे. नोंदीत मुंढ्याचे, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या घेराचे, माप आहे का? त्या काळी पुरुष शिंप्याकडे अंगावर माप देणे बहुतेक घरांत चालत नसे, म्हणून बायका जुनी चोळी किंवा जुना ब्लाऊज मापाला पाठवत आणि जुन्यातली चूक नव्यातही उतरत असे. शिवणारी बाईच असेल तर टेप अंगाला लावता येते, खांदा आणि मुंढा नेमका मिळतो आणि काखेत चुण्या पडत नाहीत. काकूंच्या वहीत मुंढा स्वतंत्र लिहिलेला असेल, तर गाव त्यांच्याकडे का येत होता याचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

तिने शिवलेला एखादा कपडा कोणाकडे उरला असेल तर तो उलटा करून पाहा. शिलाईच्या आत किती माया, म्हणजे जादा कापड, सोडली आहे ते इंचांत मोजून लिहून ठेवा. तयार कपड्यात अर्धा इंचदेखील मिळत नाही. दीड-दोन इंच माया सोडणारी बाई गिऱ्हाइकाच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करत असते. त्यात तिचे नुकसानही असते, कारण सैल करून मागायला आलेल्या बाईला नवे शिवायची गरज पडत नाही. आपण पुस्तिकेत माया हा शब्द वापरलात तर शिवणकामातलाच वापरा. त्यावर कोटी करण्याचा मोह पुण्यात कोणालाही होतो.

एक विनंती आहे. गिऱ्हाइकांची नावे आणि मापे एकत्र छापू नका. त्यांतल्या काही जणी अजून हयात असतील.

उलटी टीप

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरीही मला थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. माझी आई बार्शीला शिवत असे आणि तिला शिवणकाम मुळीच आवडत नव्हते. ती वारली तेव्हा शोकसभेत तिघांनी तिच्या 'कलेचा' उल्लेख केला. घरात तिच्या मिळकतीला हातभार म्हणत. हा हातभार महिन्याच्या वीस तारखेनंतर संपूर्ण घर चालवत असे, तरीसुद्धा शब्द हातभार हाच राहिला. रात्री कंदिलाच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा चालवून तिचे डोळे चाळिशीतच गेले. सणाच्या आदल्या रात्री कपडे घेऊन जाणाऱ्या आणि पैसे 'नंतर पाठवते' म्हणणाऱ्या बायकांची यादी तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होती.

ज्यांना शिकायची संधी मिळाली त्यांची गोष्ट वेगळी. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली उभ्या राहिलेल्या सेवासदनात बायका शिवण शिकत, त्याला वर्ग होता, शिकवणाऱ्या होत्या, आणि बाहेर पडताना आपल्याला एक विद्या येते ही जाणीव होती. आमच्याकडे शेजारणीचे पाहून, दोन कपडे बिघडवून आणि त्यांची भरपाई देऊन शिकण्याची पद्धत होती.

म्हणून कऱ्हाकाठताईंना माझे प्रश्न वेगळे आहेत. मशीनची पावती आजोबांच्या नावावर होती असे आपण लिहिले आहे. मिळालेले पैसे कोणाच्या हाती जात होते? एवढ्या घरकामातून आजी रोज मशीनवर बसत होती, तर त्या वेळी घरातले काम कोण करत होते? आणि काज-हुक-हातशिलाई कोण करत होते? एकटी बाई कापणे, शिवणे आणि हातशिलाई हे सगळे करून चाळीस वर्षे निभावत नाही. आपल्याला एक आत्या आहेत असे निधनवार्तेतून दिसते.

कऱ्हाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. उलट्या टिपेचे प्रश्न बोचरे आहेत आणि त्यांची उत्तरे अजून माझ्याकडे नाहीत. आत्या साताऱ्याला असते. फोनवर बोलणे तिला आवडत नाही, तरी प्रयत्न करते.

दरम्यान रकाने मोजले. पहिल्या वहीत तीन रकाने आहेत. दुसरीच्या पहिल्याच पानावर 'पोलके ३७' असे स्वच्छ लिहिलेले आहे आणि ते पाहून मी रात्री अकरा वाजता घरात एकटीच मोठ्याने हसले. मुंढा प्रत्येक बाईच्या मापात स्वतंत्र आहे. तिसऱ्या वहीत एक भाग असा आहे की तिथे नवे शिवणे जवळजवळ थांबते आणि पानामागून पान 'ठिगळ', 'कॉलर उलटून', 'परकर जोडून' अशा नोंदी येतात. त्यातच एका बाईच्या नावापुढे 'खडीवर जाते, पैसे नंतर' असे आहे. वडील म्हणाले की हे १९७२च्या दुष्काळाचे दिवस असणार. तेव्हा गावातल्या पुष्कळ बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या आणि घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी होत्या. सदऱ्याची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावली की सदरा आणखी वर्षभर चालतो, हे मला या वहीमुळे प्रथमच समजले.

दुसऱ्या वहीतल्या एका पानाचा उलगडा मात्र होत नाही. वर 'पुण्याची मंडळी' असे लिहून नऊ जणांची मापे दिली आहेत: दोन पुरुष, तीन बायका, चार मुले. सगळ्यांचे कापड एकाच तागातले दिसते, कारण प्रत्येकापुढे 'निळी रेघ' असे आहे, पुरुषांच्या सदऱ्यांपुढेही आणि लहान मुलीच्या झग्यापुढेही. पैशांचा रकाना पूर्ण कोरा आहे. आधीच्या आणि नंतरच्या पानांवर 'न. पै.' आहेत. आजीची धाकटी बहीण नारायण पेठेत दिलेली होती, एवढाच काय तो धागा.

ओंकारेश्वराजवळचा

नारायण पेठ आणि १९५७ ते १९६४, हे दोन्ही सांगितल्यावर पुण्यातला माझ्या वयाचा कोणीही माणूस एकच दिवस सांगेल: बुधवार, १२ जुलै १९६१. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि आमचे बिऱ्हाड शनिवार पेठेत नदीकडच्या अंगाला होते. पानशेतचे धरण सकाळी फुटले, मग खडकवासल्याचेही गेले आणि नदीलगतच्या पेठांत पाणी शिरले. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी उंचावर पळालो. पाणी ओसरल्यावर घरात गेलो तेव्हा गुडघाभर चिखल होता. ट्रंका सापडल्या, पण आतल्या कपड्यांचा चिखलात लगदा झाला होता आणि तो वास धुऊन जात नव्हता. धुवायला तरी पाणी कुठे होते? खडकवासल्याचा तलावच रिकामा झाला होता. पुढे पुष्कळांना गोखलेनगरसारख्या पूरग्रस्त वसाहतींत जागा मिळाल्या, कित्येक जण निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या बराकींत, राहिले. पण मधले काही दिवस ज्याने त्याने नातलगांच्या घरी काढले.

आम्ही मावशीकडे तळेगावला गेलो होतो. आम्हां चौघा भावंडांना एकाच कापडाचे कपडे मिळाले होते, आणि शाळा सुरू झाल्यावर मुले आम्हाला बँडवाले म्हणत. त्यामुळे 'निळी रेघ' वाचून मी दोन मिनिटे थांबलो. हे पान त्याच दिवसांचे आहे असे खात्रीने म्हणता येणार नाही, परंतु आपल्या मावसआजीच्या घरी कोणी वडीलधारे असतील तर त्यांना बँडवाल्यांबद्दल अवश्य विचारा.

कऱ्हाकाठ

विचारले. मावसआजीचे थोरले चिरंजीव आज पंचाहत्तरीचे आहेत, त्यांनी फोनवर पहिले वाक्य उच्चारले ते असे: "त्या निळ्या रेघेची माझी चड्डी होती." पुराच्या तिसऱ्या दिवशी नऊ जण सासवडला पोचले आणि आजीने दोन दिवस व एक रात्र मशीन थांबवले नाही. कापड कोणाच्या दुकानातून आणि कोणाच्या उधारीवर आले हे त्यांना माहीत नाही. पणजोबांच्या वहीतली मोडी पाने वाचून झाली की कदाचित तेही कळेल.

आता आत्याबद्दल. मी तिला समासातल्या रेघांविषयी विचारले. ती काही वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "त्या माझ्या आहेत." नवव्या वर्षापासून घरातले सगळे काज, हुक आणि हातशिलाई तिच्याकडे होती. दर दोन काजांना एक रेघ, आणि रेघेला एक पैसा, असा मायलेकींचा करार होता. आजीने रेघा अतिशय काटेकोरपणे मांडल्या. पैसे मात्र दिले नाहीत. आत्याने मागितले की म्हणायची, "लिहून ठेवलंय ना?" सातवीनंतर आत्याची शाळा सुटली, वडिलांच्या आणि काकांच्या फिया त्याच वह्यांच्या शेवटच्या पानांवर तारखांसह आहेत, आणि तिन्ही वह्यांतल्या तारखा जवळजवळ तेवढ्याच आहेत. मी काल पहिल्या दोन वह्यांतल्या रेघा मोजल्या. चार हजार एकशे बारा भरल्या.

हे सांगताना आत्याच्या आवाजात राग नव्हता असे लिहिले तर ते खरे होणार नाही. राग होता, आणि त्याच फोनवर, "तिच्यासारखा मुंढा मला अजून जमत नाही," असेही ती म्हणाली. काकांचे म्हणणे असे की श्राद्धाच्या पुस्तिकेत हे कशाला. माझ्या वडिलांनी त्यावर काहीच मत दिले नाही. रात्री मात्र ते मला म्हणाले की रेघांचे ते पान छापताना समास कापला जाऊ देऊ नकोस.

तेव्हा पुस्तिका आता मशीनपासून सुरू होईल, आणि ती एकट्या आजीची राहणार नाही असे दिसते. आत्या पुढच्या रविवारी पुण्याला येते आहे. तिला मशीन चालवून पाहायचे आहे, पण त्याचा चामड्याचा पट्टा वाळून तुटला आहे आणि चाक जड फिरते आहे. मापपट्टीताई, हा पट्टा पुण्यात कुठे मिळेल आणि तो मला स्वतःला बसवता येईल का?

मापपट्टी

रविवार पेठेत शिलाई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळेल. गोल चामडी पट्टा असे सांगून मागा, तारेचा आकडा सोबत येतो. जुना तुकडा मापाला घेऊन जा. पट्टा दोन्ही चाकांवरून फिरवून आकडा पकडीने दाबून बंद करायचा, तेवढे आपल्याला सहज जमेल. आधी वरच्या भोकांतून तेल सोडून मशीन रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी कापडाच्या चिंधीवर टीप मारून तेल निपटून काढा, नाहीतर पहिल्याच कपड्याला डाग पडतील. नवा पट्टा महिनाभरात सैल होतो. तेव्हा थोडासा कापून पुन्हा जोडावा लागतो. ते रविवारी आत्याबाईंकडून शिकून घ्या.